व्याह्यांची रंगीत तालीम

आमच्या व्याह्यांसारखा दुसरा माणूस अख्ख्या मुंबईत नसेल, आणि असलाच तर त्याला माझ्या नातवंडांपासून लांब ठेवा, एवढंच माझं सगळ्यांना सांगणं आहे. एक आहे तेवढा पुरे झाला. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील, मूळचे घाटावरचे, राहणार बोरिवली. मी राहतो घाटकोपरला, टेकडीच्या पायथ्याशी, दोन खोल्यांत. बायको, मुलगा, सून आणि दोन नातवंडं एवढा संसार. मी चौथीपर्यंत शिकलो आणि मग जन्मभर गिरणीत साचे चालवले, तेव्हा लिहिण्यात कमीजास्त होईल. पण लिहीन ते खरं लिहीन. व्याह्यांबद्दल चांगलं लिहायची वेळ आलीच तर तेही लिहीन. जरा उशिरा लिहीन, एवढंच.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या आईबापाने तिच्या सासरी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, अशी एक जुनी रीत आहे. आता ती कोण पाळतं? आमचे व्याही पाळत. बरं, रीत पाळायची तर माणसाने येणं तरी कमी करावं! ते नाही. एका रविवाराआड सकाळी नऊच्या ठोक्याला स्वारी बोरिवलीहून हजर. पांढरा पायजमा, वर खाकी हाफ शर्ट, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये थर्मास. आमच्या खाटेवर ऐसपैस बसायचे, थर्मासमधला आपला चहा आपल्याच कपात ओतायचे, आणि वर मला म्हणायचे, “घ्या ना व्याही, थोडा घ्या. आलं घातलंय.” म्हणजे माझ्या घरात, माझ्या खाटेवर बसून, मी त्यांचा पाहुणचार घ्यायचा! पहिल्या खेपेला मी नको म्हटलं. दुसऱ्या खेपेलाही नको म्हटलं. तिसऱ्या खेपेला आल्याचा वास फार सुटला. आम्ही मालवणाकडची माणसं. माझी बायको आतून हा प्रकार बघायची आणि ते जिना उतरले की म्हणायची, “हे आपल्या घरात इले की आपण ह्यांच्या घरात गेलों, ताच माका समजाक नाय.” पुढे नातू झाला, बारसं झालं, आणि व्याही पहिल्यांदा आमच्या पाटावर जेवायला बसले. श्रीखंडाची वाटी तीनदा रिकामी केली, आणि चौथ्यांदा ती पुढे करत माझ्या बायकोला म्हणाले, “दोन वर्षं या घरातल्या फोडणीचा नुसता वास घेतोय, विहीणबाई. आज हात आखडू नका.” झालं. जी बाई दोन वर्षं कुरकुरत होती, तीच डोळ्यांना पदर लावून वाढायला लागली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, माझ्यासाठी तिने कधी असा पदर लावलेला मला आठवत नाही.

नातवाचं नाव आम्ही चांगलं पंचांग बघून ठेवलं, पण हाक पडली पिंट्या. दोन वर्षांनी नात झाली, ती चिमी. पोरं बोलायला लागली तेव्हा मला ‘आबा’ म्हणायला लागली आणि व्याह्यांना ‘आजोबा’. हे कोणी ठरवलं? मी बापाचा बाप. आजोबा ही खरी पदवी माझी. मी घरातच असतो म्हणून माझ्या गळ्यात आखूड हाक घातली, आणि जो पंधरा दिवसांनी उगवतो त्याला पूर्ण लांबीची. सुनेला एकदा बोलून दाखवलं तर ती हसून म्हणाली, “अहो मामंजी, पोरांच्या जिभेला जे सोपं पडेल ते.” आता ‘आजोबा’ हे ‘आबा’पेक्षा सोपं कसं, हे चौथी शिकलेल्यालाही कळतं. 

व्याही पालिकेत नकाशे काढून रिटायर झालेले. बायको लवकर गेली, मूल ही एकच मुलगी. त्यामुळे डोक्यात सदा रस्ते, वळणं आणि उतारावरची गटारं. पोरांना कुठेही न्यायचं झालं की हा माणूस आदल्या दिवशी तिथे एकटा जाऊन यायचा. त्याला ते ‘रंगीत तालीम’ म्हणत. पवईच्या तलावावर न्यायचं तर आदल्या दिवशी छत्री घेऊन काठावर दुपारभर बसायचे आणि वहीत लिहायचे: सावली कुठल्या झाडाखाली किती वाजेपर्यंत, शेंगवाला कधी येतो, कुत्री किती, त्यातली चावरी कुठली. जोगेश्वरीच्या लेण्यांच्या आदल्या दिवशी आत किती पावलांवर काळोख सुरू होतो ते पावलं टाकून मोजून आले. चिमीला शू लागली तर आडोसा कुठे, याच्या तर खुणा नकाशावर लाल शाईने. मी एकदा म्हटलं, “व्याहीबुवा, आम्ही पोरं वाढवली ती काय नकाशा बघून?” तर म्हणाले, “तुम्ही रोज वाढवता, व्याही. मला दिवस मोजके. त्यातला एकही शू शोधण्यात जायला नको.”

या तालमीची कमाल बोरिवलीच्या नॅशनल पार्कात झाली. तिथे पोरांची छोटी झुकझुक गाडी आहे. चिमीला तिच्यात बसवायचं ठरलं, म्हणून आदल्या दिवशी व्याही एकटेच जाऊन बसले. गुडघे हनुवटीला लागलेले, मांडीवर वही, पुढेमागे सगळी चिल्लीपिल्ली. एका पोराच्या आईने विचारलं, “आजोबा, तुमची मुलं हरवली का?” तर म्हणाले, “उद्या येणार आहेत.” बाईने पोराला ओढून पलीकडच्या बाकावर नेलं म्हणे. हे त्यांनीच हसत हसत सांगितलं. दुसरा असता तर लपवलं असतं. पण दुसऱ्या दिवशी काय झालं ते ऐका. गाडी सुटली आणि व्याही चिमीच्या कानात सांगायला लागले, “आता हरणं,” की हरणं. “आता वळण, मला टेक,” की वळण. “आता बोगदा. हात धर. एक, दोन, तीन,” की बोगदा! चार वर्षांची पोर ती. घरी आली आणि मला म्हणाली, “आबा, बोरिवलीचे आजोबा बोगदा आणतात. तुम्ही काय आणता?” मी म्हटलं, “मी दूध आणतो. पाव आणतो. रॉकेल आणतो.” तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “पाव पण चांगला असतो.” माझी समजूत घातली हो त्या पोरीने! त्या दिवशी मी रात्री भात खाल्ला नाही. बायको म्हणाली, “तुमच्या पोटात कित्याक दुखता? त्यांचाय रगात आसा त्या पोरांत.”

दुखायचंच. आता असं बघा. वर्षभर पोरांना शाळेत मी सोडायचं, शाळेतून मी आणायचं, ताप आला की दवाखान्याच्या बाकावर मांडीवर घेऊन मी बसायचं, पाढे येत नाहीत म्हणून रागवायचं मी आणि लाकडी पट्टी दाखवायची मी. आणि मे महिन्याची सुट्टी लागली की पोरं कुठे? आजोळी! का, तर रीत. आजोळ म्हणजे आईचं माहेर, सुट्टी तिथेच घालवायची. या रीतीला कोणी आजवर हरकत घेतली नाही, मीही घेतली नसती; माझंही बालपण मामाकडच्या आंब्यांवर गेलं. पण पिंट्याचा वाढदिवस नेमका मेच्या मध्यावर येतो. म्हणजे दरसाल माझ्या नातवाच्या वाढदिवसाला मी बोरिवलीत पाहुणा! खुर्ची द्यायचे, पुढ्यात बशी ठेवायचे, “या, बसा व्याही, प्रवास सुखाचा झाला ना?” असं विचारायचे. माझ्या नातवाच्या वाढदिवसाला मला कोणी प्रवास विचारतंय!

आणि वाढदिवस तरी कसा! बिल्डिंगमधली वीसएक पोरं, मध्ये केक. पिंट्याने मेणबत्त्या विझवल्या की संपायला हवं ना? नाही. एकदा एक लहान पोरगी मागे उभी राहून रडायला लागली, मला पण फुंकायचंय म्हणून. व्याही म्हणाले, “बरोबर आहे तिचं,” आणि मेणबत्त्या परत पेटवल्या. तेव्हापासून नियमच झाला की आलेल्या प्रत्येक पोराने एकदा फुंकायचं, आणि तेवढं एक मिनिट सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्याच्या नावाने गायचं. वीस वेळा पेटायच्या, वीस वेळा विझायच्या. केक कापायची वेळ येईपर्यंत त्यावर मेणाचा असा थर बसायचा की सुरी चालायची नाही. पण पोरं खूश. पिंट्याही खूश, आपला वाढदिवस सगळ्यांना वाटल्याचा त्याला कोण अभिमान. मी खुर्चीत बसून बघायचो आणि मनात म्हणायचो, याला पाटावर बसवून, कपाळाला कुंकू लावून, सुपारी अंगठीने ओवाळून, डोक्यावर अक्षता टाकायचा मान कोणाचा? माझा आणि माझ्या बायकोचा. तो मान पाच वर्षांत एकदाही मिळाला नाही. एकच वाढदिवस मला माझ्या हाताने, माझ्या गावात करायचा होता. एकच. जास्त मागत नव्हतो.

पिंट्याला सहा पूर्ण होणार त्या वर्षी मी हट्टालाच पेटलो. फेब्रुवारीतच जाहीर केलं, “यंदा पोरं गावाला येतील. माझ्याबरोबर.” मुलगा सुनेकडे बघायला लागला, सून भिंतीकडे. माझ्या बायकोने विचारलं, “गावाक? आणि रवतलात खंय?” तिचा प्रश्न बरोबर होता. आमचं गावचं घर दोन भावांचं, अर्धं माझं, अर्धं धाकट्याचं. आमचे वडील गेले तेव्हा मी निघालो, पण गाडी वाटेत बंद पडली, आणि धाकट्याने माझ्यासाठी न थांबता अग्नी दिला. थोरला मी असताना. त्यावरून शब्द झाले, आणि मी माझ्या भागाला कुलूप घालून आलो तो दहा वर्षं गेलो नाही. पत्रही नाही. पण पोरांना मी गावच्या गोष्टी सांगत होतो, खाडीच्या, फणसाच्या, आणि त्या गोष्टींत धाकटा मुद्दाम येऊ देत नव्हतो. मी म्हटलं, “माझ्या भागात राहीन. कुलूप माझं आहे, किल्ली माझ्याकडे आहे.” सुनेने रविवारी वडिलांना सांगितलं. मला वाटलं भांडतील, रीत सांगतील. मी तयारीत होतो. पण व्याही चहाचा कप खाली ठेवून एवढंच म्हणाले, “बरोबर आहे. पोरांनी आपलं गाव बघायला पाहिजे.” भांडायला आलेल्या माणसाला असं उत्तर दिलं की तो कुठे जाणार?

एप्रिलमधला एक रविवार व्याही आले नाहीत. सूनबाई काळजीत. त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला तर घराला कुलूप. सहाव्या दिवशी संध्याकाळी आले ते रापून, तोंड तांबडं झालेलं, हातात फणसाची पिशवी. मला म्हणाले, “व्याही, जरा गच्चीवर चला.” गच्चीवर गेलो. त्यांनी वही काढली. “दिवसाची गाडी बरी. रात्रीच्या गाडीत पोरांना घाट दिसत नाहीत. कशेडीला चिमीला मळमळेल, लिंबू द्या. विहिरीला कठडा नाही, पोरांना एकटं सोडू नका. आणि तुमच्या भागाचं कुलूप गंजलंय, ते तेल घालूनही उघडायचं नाही.”

माझ्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला. “तुम्ही माझ्या गावाला गेला होतात?”

“तालमीला.”

“माझ्या गावाची तालीम? तुम्हाला कोणी बोलावलं होतं?”

“कोणी नाही. व्याही म्हणून बोलावल्याशिवाय मी जाणार नाही, ते कळतं मला. मी नुसता तपासायला गेलो होतो.”

“राहिलात कुठे?”

त्यांनी वही मिटली. “तुमच्या भावाकडे. मी देवळात पथारी टाकत होतो, तेच येऊन घेऊन गेले. चांगला माणूस आहे. चार दिवस सोडलं नाही मला.”

आता मला काय झालं ते मी सांगतो. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. मला संताप आला. आधी बायको, मग नातवंडं, आणि आता माझा सख्खा भाऊ! दहा वर्षं ज्याच्याशी मी बोललो नाही, त्याच्या पानाला पान लावून हा माणूस चार दिवस जेवून आला! मी म्हटलं, “माझा भाऊ आहे तो. आमच्यात पडायचं तुम्हाला कारण नव्हतं.” ते म्हणाले, “मी पडलो नाही. मी एक शब्द काढला नाही. त्यांनीच काढला.” मी विचारणार नव्हतो. शपथ घेतली होती मनातल्या मनात. पण जिना उतरता उतरता तोंडातून गेलंच, “काय म्हणाला?” व्याही दोन पायऱ्या वर होते. तिथूनच म्हणाले, “विचारत होते, दादा आता आंब्याचं साट खातो की दातांना सोसत नाही? नरम करून ठेवू म्हणाले.”

मेमध्ये कुर्ल्याच्या डेपोतून पहाटे सहाची एस.टी. होती. आम्ही दोघं पोरांना घेऊन साडेपाचला पोचलो तर व्याही आधीच बाकावर बसलेले. बोरिवलीहून तिथे त्या वेळेला कसे पोचले देव जाणे, विचारलं तर म्हणाले, “कालच बघून ठेवलं होतं.” पोरांना खिडकीची जागा दिली, लिंबं पिंट्याच्या खिशात कोंबली, आणि तो जे पाठ म्हणून दाखवत होता ते ऐकत उभे राहिले: कुठे चहाला थांबते, कुठे घाट, कुठे मोठा पूल. कंडक्टर आला. व्याही खाली उतरले आणि खिडकीखाली उभे राहिले. चिमी गजातून हात काढून म्हणाली, “आजोबा, तुम्ही पण चला ना!”

त्यांनी चिमीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. रीत मलाही ठाऊक होती आणि त्यांनाही: मुलीच्या बापाने व्याह्यांच्या गावी जायचं तर शब्द व्याह्यांकडून यायला हवा. त्यांच्या पायांशी शबनमऐवजी एक फुगलेली पिशवी होती, वरून टॉवेलाचं टोक डोकावत होतं. मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी आजवर सगळ्यांना सांगितलं, पण दिसलं होतं. दोन अक्षरं होती, ‘चला’. एक माणूस उभ्याने, टपावर, कसाही गेला असता, आमचे कोकणातले लोक जातातच. मी म्हटलं, “गाडी फुल्ल आहे, चिमे.” घंटी वाजली. व्याही हात हलवत होते, एका हाताने. दुसऱ्या हाताने ते टॉवेलाचं टोक आत ढकलत होते. बायको शेजारी बसली होती. पनवेल जाईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

पोरं मात्र मजेत. पिंट्या तर गाडी चालवल्यासारखी घेऊन चालला होता. “चिमे, कशेडी आली, लिंबू हुंग.” “आता चहा.” “आता मोठा पूल, नदी डाव्या बाजूला बघायची, उजवीकडे काही नाही.” मागचा एक गाववाला हसत ओरडला, “कंडक्टर बदललो काय रे?” मी त्याला माझ्या लहानपणच्या खुणा सांगायला जायचो, की इथे आम्ही पायी यायचो, इथे वाघ दिसला होता, तर तो म्हणायचा, “माहीत आहे आबा, आजोबांनी सांगितलंय.” माझ्या गावचा रस्ता मला माझा नातू दाखवत होता, आणि त्याला दाखवला होता घाटावरच्या माणसाने.

संध्याकाळी तिठ्यावर उतरलो. धाकटा उभा होता. केस पार पिकलेले. मला वाटलं वडीलच उभे आहेत.

“इलंस?” तो म्हणाला.

“इलंय,” मी म्हटलं.

दहा वर्षांचं भांडण एवढ्यात मिटलं. त्याने माझ्या हातातली ट्रंक घेतली, चिमीला कडेवर उचललं, आणि गाडी निघून जाईपर्यंत तिच्या दाराकडे बघत राहिला. “आणि व्याही खंय?”

“ते नाय इले.”

“कित्याक?”

कित्याक! काय सांगणार? पुढचे चार दिवस अख्ख्या वाडीने मला हेच विचारलं. पाणक्याने विचारलं, भटजींनी विचारलं, धाकट्याच्या बायकोने तर त्यांच्यासाठी वेगळी चटणी करून ठेवली होती. मी इथे जन्मलो, आणि माझी चौकशी व्याह्यांची चौकशी संपल्यावर व्हायची.

वाढदिवसाचा दिवस उजाडला. धाकट्याने अंगण सारवलं होतं, ओसरीवर पाट, पाटाभोवती रांगोळी. पिंट्याला उटणं लावून न्हाऊ घातलं, नवा सदरा घातला. मी पहिल्यांदा माझ्या हाताने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. बायकोने ओवाळलं, धाकट्याने ओवाळलं, वाडीतल्या पाच बायकांनी ओवाळलं. पोराने न सांगता सगळ्यांच्या पाया पडून घेतलं. मी म्हटलं, देवा, भरून पावलो. मांडीवर घेतलं त्याला आणि विचारलं, “काय पिंटुशेठ, कसा झाला वाढदिवस?”

तो म्हणाला, “झकास. आबा, खरा कधी करायचा?”

“खरा म्हणजे?”

“ही तालीम ना? आपण आधी येऊन बघून गेलो. आता आजोबांना घेऊन खरं यायचं ना?”

रागाने बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. पण तो अगदी साधेपणाने विचारत होता, जसं शाळा कधी उघडणार विचारतात. त्याच्या हिशेबी जिथे आजोबा नाहीत ती तालीमच. धाकटा ऐकत होता. माझी बायको समईची वात सारखी करत होती, जी मुळात सरळच होती. मी पोराच्या डोक्यावरच्या अक्षता झटकल्या आणि म्हटलं, “हो. तालीमच आहे.”

परत आलो तेव्हा व्याही कुर्ल्याला घ्यायला आले होते. पोरांना कुशीत घेऊन त्यांनी सगळं विचारून घेतलं: कुठल्या ओसरीवर, कुणी ओवाळलं, रांगोळी कसली होती. प्रत्येक उत्तराला “वा!” म्हणत होते. मी म्हटलं, “पुढच्या वर्षी तुम्ही पण चला.” ते म्हणाले, “जाऊ की.” पण पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. एस.टी.च्या पायऱ्या चढणं डॉक्टरांनी बंद केलं. माझा शब्द एक वर्ष उशिरा पोचला.

पिंट्याला आता दहा पूर्ण झाली. यंदाच्या मेमध्ये तो ना गावाला आला ना आजोळी गेला. शाळेचं शिबीर निघालं, तंबूत राहायचं, दोरीवरून नदी ओलांडायची. तिथले कोणी सर आहेत, पंचवीस वर्षांचे, गळ्यात शिट्टी. “सर म्हणतात,” “सरांनी सांगितलंय,” यापलीकडे पोराच्या तोंडात दुसरं नाही. चिमी सकाळी पोहायच्या क्लासला आणि दुपारी मैत्रिणीकडे. परवा पिंट्याच्या वाढदिवसाला मी घरात एकटा बसून कंटाळलो आणि सरळ उठून बोरिवलीला गेलो. व्याही गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत होते. मला बघून काही विचारलं नाही. शेजारी दुसरी खुर्ची ओढली.

“सर कसे आहेत?” त्यांनी थोड्या वेळाने विचारलं.

“पोहता येतं म्हणे त्यांना. झाडावर पण चढतात.”

“आपल्याला काही झाडावर चढता येणार नाही, व्याही.”

“आपल्याला खुर्चीवरनं उठता आलं तरी पुष्कळ.”

ते हसले. खाली दुसऱ्याच कोणाची पोरं लपंडाव खेळत होती. तेव्हा मला काय वाटलं कोण जाणे, ओसरीवरची ती गोष्ट मी त्यांना सांगितली. चार वर्षं दाबून ठेवली होती. त्यांना मिळाली तर माझ्याकडचं काहीतरी कमी होईल असं वाटायचं. पोर काय म्हणालं ते शब्दाला शब्द सांगितलं. व्याह्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

“मग तुम्ही काय म्हणालात त्याला?”

“हो म्हणालो.”

 ते कठड्याला धरून उठले, आत जाऊन चहा घेऊन आले, दोन कप. माझा कप माझ्या हातात देताना म्हणाले, “आज राहा इथेच. उद्या जा.” किती सोपा शब्द, आणि किती सहज टाकला! सुनेच्या माहेरी मी कधी वस्तीला राहिलो नव्हतो. घरी निरोप पाठवायला हवा होता, अंगावरच्या कपड्यांनिशी आलो होतो, सकाळचं औषधही घरीच. तरी मी राहिलो.